घोळणा थांबेल, कान थांबणार नाही

कान-नाक-घशाबद्दल वाचक जे विचारतात ते बहुतेक एकाच साच्यातलं असतं. कान ठणकतोय, कोणते ड्रॉप्स घालू? नाक चोंदलंय, कोणता स्प्रे चांगला? घसा बसलाय, मिठाच्या गुळण्या करू की हळदीचं दूध घेऊ? सगळे प्रश्न औषधाचे. ‘माझ्या हातात वेळ किती आहे?’ असं जवळजवळ कुणी विचारत नाही, आणि या तीन अवयवांच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असायला हवा. इथल्या बहुतेक तक्रारी आठवडा-दहा दिवसांत आपोआप बऱ्या होतात. मोजक्या काही मात्र अशा आहेत की त्यांत तास किंवा दिवस हातचे गेले, तर पुढे कितीही मोठ्या डॉक्टरांकडे गेलात तरी गेलेलं परत येत नाही. पंचाईत अशी की या मोजक्या तक्रारी सुरुवातीला अगदी किरकोळ दिसतात. दुखणं आणि रक्त यांना आपण घाबरतो, म्हणून नाकातून चार थेंब रक्त आलं की घर डोक्यावर घेतो. पण एका कानाने ऐकू येणं बंद झालं आणि काहीच दुखत नसलं, तर ‘दडा बसलाय, सुटेल’ म्हणून पंधरा दिवस काढतो. दुखण्यावरून निकड मोजायची ही सवय सोडायला हवी. ती सोडली तर प्रत्येक वेळी दवाखान्यात धावावं लागत नाही, आणि जिथे धावायचं तिथे उशीर होत नाही.

बटणाएवढी बॅटरी : तासांचा हिशेब

रिमोट, खेळणी, वजनकाटा, संगीत वाजवणारी राखी किंवा शुभेच्छापत्र यांत चपटी, गोल, नाण्यासारखी बॅटरी असते. मुलाने ती गिळली तर घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं : ‘केळं खाऊ घाला, शीवाटे पडेल.’ नाणं खरोखरच बहुतेक वेळा तसं पडतं. बॅटरीचं तसं नाही. ती अन्ननलिकेत अडकली की ओलाव्यामुळे तिच्या दोन टोकांत वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांच्या आत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. वीसेक मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी सर्वांत धोक्याची, कारण ती लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. ‘बॅटरी संपलेलीच होती’ हा दिलासाही खोटा आहे, कारण घड्याळ चालवायला अपुरी पडणारी वीज मांस भाजायला पुरते. मूल आधी खेळत असतं, थोडी लाळ गाळतं, जेवायला नको म्हणतं, एवढंच. त्यामुळे नुसता संशय आला तरी एक्स-रे ताबडतोब. एक्स-रेमध्ये नाण्याची कड एकेरी दिसते, बॅटरीची दुहेरी.

मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, त्याला गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर दवाखान्यात नेताना दर दहा मिनिटांनी दोन चमचे (दहा मिलिलिटर) मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर भाजण्याचा वेग कमी करतो, असं आता विषबाधा-तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतच नोंदलेलं आहे. मध शोधण्यात मात्र पाच मिनिटंही घालवू नका, आणि मधाव्यतिरिक्त काहीही खायला-प्यायला देऊ नका. उलटी करवू नका. हीच बॅटरी नाकात गेली तर काही तासांतच नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं, कानात गेली तर पडदा जळू शकतो. नाकाकानात अशा वेळी पाणी, तेल किंवा ड्रॉप्स घातले तर ओलावा वाढतो आणि भाजणंही.

एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे शांतपणे होतं. सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटतो, त्यात ‘सूं’ असा आवाज असतो, कधी थोडी चक्कर येते. फोन त्या कानाला लावल्यावर समोरचा माणूस पुसट ऐकू येतो. अशा वेळी शक्यता दोन : एक तर आवाजाच्या वाटेत काही अडलंय, म्हणजे मळ किंवा सर्दीमुळे पडद्यामागे साठलेलं पाणी, नाही तर आतल्या कानाला किंवा श्रवणाच्या नसेलाच झटका बसलाय. पहिल्यात घाई नाही. दुसऱ्यात स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका चांगला, आणि पहिले दोन आठवडे उलटून गेले की त्याचा उपयोग झपाट्याने कमी होत जातो.

दोन्हींतला फरक ओळखायला घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘हूं’ असा सूर धरा. आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू आला तर बहुधा वाटेत अडथळा आहे. चांगल्या कानाकडे गेला तर नसेचा संशय घ्यावा. हा अंदाजच आहे, तपासणी नव्हे. पण आजच्या आज जायचं की परवा, हे ठरवायला तो कामी येतो. दवाखान्यात कान नळीतून पाहिला, मळ नाही, पडदा ठीक आहे, आणि तरीही ‘सर्दीचं आहे, आठ दिवस गोळ्या घ्या’ असं सांगितलं गेलं, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा : ‘ऑडिओग्रॅम आजच करता येईल का?’ अर्ध्या तासाची ही चाचणी नसेचा दोष आहे की नाही ते सांगते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. अचानक आलेला असा बहिरेपणा बऱ्याच जणांत उपचाराविनाही काही अंशी भरून येतो. स्टेरॉइडचा फायदा किती, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. मग एवढी धावपळ कशासाठी? एक तर, भरून येणाऱ्यांत तुम्ही आहात की नाही हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही, आणि वाट पाहून ते कळेपर्यंत उपचाराची मुदत संपलेली असते. शिवाय थोड्या रुग्णांत मूळ कारण श्रवणाच्या नसेवरची गाठ हे असतं, ते एमआरआयशिवाय दिसत नाही. मधुमेह असणाऱ्यांना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढण्याची धास्ती असते, तीही योग्यच. त्यांच्यासाठी कानाच्या पडद्यातून थेट मध्यकर्णात औषध देण्याचा पर्याय आहे, तो डॉक्टरांना विचारावा.

घोळणा फुटला तर

विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात घोळणा फुटणं मुलांत नित्याचं. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. हवा कोरडी झाली, खपली नखाने काढली की ते फुटतं. रक्त पुष्कळ वाटतं, धोका सहसा थोडा. करायचं एवढंच :

१. खुर्चीवर बसा आणि किंचित पुढे वाका. मान मागे टाकू नका, आडवं होऊ नका.
२. हाडाखालचा नाकाचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीने घट्ट चिमटीत धरा, तोंडाने श्वास घ्या.
३. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं सलग धरा. ‘थांबलं का’ म्हणून मध्येच सोडून पाहणं हीच सगळ्यांची चूक.
४. घशात आलेलं रक्त गिळू नका, थुंका. गिळलं तर उलटी होते आणि रक्त आणखी वाहतं.
५. दोनदा असं करूनही, म्हणजे साधारण अर्ध्या तासाने, थांबलं नाही तर दवाखाना.

कांदा हुंगवला की रक्त थांबतं, असा अनुभव घरोघरी सांगितला जातो. पण पुढून येणारं रक्त बहुधा दहा मिनिटांत आपोआपच थांबतं, आणि कांदा शोधून, फोडून, हुंगवेपर्यंत तेवढी मिनिटं गेलेली असतात. श्रेय कांद्याला मिळतं. कांद्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते डोकं मागे करून त्यावर पाणी ओतल्याने. वय जास्त असेल, रक्त घशात मागून वाहत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अर्धा तासही थांबू नका, आणि त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. वयात येणाऱ्या मुलाचं एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल आणि ती चोंदलेलीही असेल, तर ते नुसता घोळणा समजून सोडू नका. रक्तवाहिन्यांची एक गाठ नेमकी याच वयातल्या मुलग्यांत होते.

आत काही गेलं तर

इथे नियम उलटा : बॅटरी आणि श्वास सोडला तर घाई नाही, पण हात आवरायला हवा. नाकाकानात गेलेल्या वस्तूपेक्षा ती काढण्याच्या घरगुती खटाटोपाने जास्त इजा होते. हेअरपिन, काडी, चिमटा यांनी गोल वस्तू आणखी आत सरकते.

- कानात जिवंत किडा : तो फडफडतो तेव्हा वेदना असह्य होतात. पडद्याला भोक नसल्याची खात्री असेल तरच खोबरेल तेलाचे थोडे थेंब घालून किडा मारावा, बाहेर डॉक्टरांनी काढावा. भोक असेल किंवा कान वाहत असेल तर तेल नको.
- कानात हरभरा, ज्वारी, वाटाणा : पाणी घालू नका. दाणा फुगतो आणि घट्ट बसतो.
- मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड : सर्दी दोन्ही बाजूंनी वाहते. एकाच बाजूने वास येणारा स्राव म्हणजे आत काहीतरी अडकलंय असं धरून चालावं : मणी, फोमचा तुकडा, खडू.
- माशाचा काटा : कोकण-गोव्यात भाताचा मोठा घास किंवा केळं गिळण्याचा सल्ला लगेच मिळतो. लहान काटा कधी त्याने निघतो, पण रुतलेला काटा आणखी खोल जातो. गिळताना दरवेळी एकाच जागी टोचत असेल तर खाणं थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. काटे बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असतात आणि बाहेरच्या बाहेर काढता येतात.

शेंगदाण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. मूल शेंगदाणे खाताना हसतं, जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल होतो आणि मग सगळं शांत होतं. घरच्यांना वाटतं, दाणा खाली गेला. तो श्वासनलिकेच्या फांदीत जाऊन बसलेला असू शकतो, आणि शांतता येते ती तिथला खोकल्याचा प्रतिसाद थकल्यामुळे. पुढे आठवडाभराने खोकला, एका बाजूला घरघर, ‘न्यूमोनिया’, औषधाने तात्पुरता उतार आणि पुन्हा तेच. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे ठीक आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ठसक्याची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगा, दुर्बिणीने तपासायचं की नाही हे त्यावरूनच ठरतं. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊच नयेत. दम कोंडला असेल, आवाज फुटत नसेल, खोकताही येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा. सुटलं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. आणि पुन्हा थापा. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाब देऊ नका, छातीच्या मधोमध दोन बोटांनी द्या. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका. दरम्यान कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगा.

नाकावर मार बसला तर

लोक नाक वाकडं झालंय का ते पाहतात. त्याला खरं तर सवड असते. सुजेमुळे पहिले काही दिवस आकार कळतच नाही; सूज उतरल्यावर, पाच ते दहा दिवसांच्या आत, हाड जागेवर बसवता येतं. दोन आठवड्यांनंतर ते वाकडंच जुळू लागतं. पहिल्या दिवशी पाहायचं असतं ते नाकाच्या आत. मधल्या पडद्यात रक्त साठलं तर दोन्ही नाकपुड्या पूर्ण चोंदतात, आत दोन्हीकडून मऊ, लालसर फुगा दिसतो. तो त्याच दिवशी रिकामा केला नाही तर पडद्याची कूर्चा तीन-चार दिवसांत मरते, पू होतो आणि नाकाचा मधला भाग खचून खोगिरासारखा दिसतो. एक्स-रेमध्ये हा फुगा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ असं ऐकून परतू नका, टॉर्च लावून आत पाहिलं का ते विचारा. मारानंतर नाकातून पाण्यासारखं स्वच्छ, थेंबथेंब काही गळत असेल तर नाक शिंकरू नका; ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, त्यांनी मार नसतानाही एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं : चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणं, डोळ्याभोवती सूज, नाकात काळी खपली. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने जे शिकवलं ते कोविड ओसरला म्हणून जुनं झालेलं नाही.

कानाखाली बसली तर : उपचार आणि हक्क

उघड्या तळव्याचा फटका कानावर बसला की कोंडलेल्या हवेच्या दाबाने पडदा फाटतो. कान सुन्न होतो, शिट्टी वाजते, क्वचित रक्ताचा थेंब येतो. यावर उत्तम उपचार म्हणजे काहीही न घालणं. अशी बहुतेक भोकं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप बुजतात, अट एकच : कान कोरडा राहायला हवा. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवा, पोहू नका, नाक जोराने शिंकरू नका. तेल नको, लसणीचं तर मुळीच नको. घरात उरलेले ड्रॉप्सही नकोत. त्यांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन असेल तर ते भोकातून आत जाऊन श्रवणाच्या पेशींनाच इजा करू शकतं.

इथेही वेळ महत्त्वाची, पण कागदपत्रांसाठी. मारहाणीत झालेली इजा असेल तर पहिल्या दिवशी नोंद करून घ्या : कोणता कान, पडद्याचं भोक केवढं, ऑडिओग्रॅममध्ये किती डेसिबल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार कोणत्याही एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं ही ‘गंभीर दुखापत’ आहे, आणि हाड मोडणं हीसुद्धा. नाकाचं हाड त्यात आलंच. ‘कायमची’ हे ठरवायला सुरुवातीचा आणि तीन महिन्यांनंतरचा असे दोन ऑडिओग्रॅम लागतात, पहिला नसेल तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. ‘पोलिस केस आहे, आधी चौकीत जाऊन या’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा : परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की जखमी माणसाचा तातडीचा उपचार आधी आणि पोलिसी सोपस्कार नंतर, रुग्णालय सरकारी असो वा खासगी. शाळेत शिक्षा म्हणून हे घडलं असेल तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. घरात घडलं असेल तर डॉक्टरांना ‘दारावर आपटले’ असं सांगण्याआधी विचार करा. तो शब्द केसपेपरवर कायमचा राहतो.

जिथे थांबलेलंच बरं

साधी सर्दी सात ते दहा दिवस चालते. मधल्या दिवसांत शेंबूड हिरवा-पिवळा होतो आणि ते जिवाणूंचं लक्षण नव्हे. दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर अँटिबायोटिकचा विचार करावा. नाक मोकळं करणारे स्प्रे-ड्रॉप्स पाच दिवसांच्या वर वापरू नका, पुढे त्यांच्याचमुळे नाक चोंदू लागतं. दोन वर्षांवरच्या मुलाचा एक कान दुखत असेल, ताप जास्त नसेल, मूल खेळत असेल, तर दोन दिवस नुसतं पॅरासिटॅमॉल देऊन वाट पाहणं डॉक्टरांनाही मान्य असतं. कानातल्या मळाला कान स्वतः बाहेर ढकलतो. बडने तो आत ठेचला जातो.

थांबण्यालाही सीमा असतात. पुढच्यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका :

- कानामागे सूज, कान पुढे ढकललेला दिसणं
- वाहत्या कानासोबत चेहरा वाकडा होणं, चक्कर, ताप, डोकेदुखी
- घसा दुखून लाळही गिळता न येणं, तोंड न उघडणं, आवाज कोंडल्यासारखा येणं
- श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज

आणि एक लांबची मुदत : तीन आठवडे. त्याहून जास्त काळ घसा बसलेला राहिला, तोंडातला व्रण भरला नाही किंवा मानेची गाठ गेली नाही, तर गुळण्या, काढे आणि अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स यांत आणखी वेळ घालवू नका. तंबाखू, मिश्री, विडी यांची सवय असेल तर विशेषच. स्वरयंत्राचा कर्करोग आवाज बदलून लवकर कळवतो, हे त्यातलं सुदैव. त्या टप्प्यावर तो बरा होतो आणि बहुधा आवाजही वाचतो. शिक्षक, कीर्तनकार, भाजीविक्रेते यांच्या बसलेल्या घशाचं कारण बहुतेक वेळा स्वरतंतूंवरच्या साध्या गाठी हेच असतं. पण ते दुर्बिणीतून पाहिल्यावरच म्हणायचं.

‘आमच्याकडे तज्ज्ञच नाही’

हा आक्षेप खरा आहे. तालुक्याच्या गावी कान-नाक-घसा तज्ज्ञ असेलच असं नाही. म्हणूनच वेळेचा हिशेब कळायला हवा, कारण ऐंशी किलोमीटर जायचं की नाही हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो. बॅटरी, कोंडलेला श्वास, न थांबणारं रक्त यांसाठी जवळचं कोणतंही रुग्णालय, तिथून पुढे १०८. अचानक आलेल्या बहिरेपणासाठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि नाकाच्या पडद्यातल्या रक्तासाठी त्याच दिवशी, जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. निघण्याआधी फोन करून कान-नाक-घसा विभागाचा ओपीडीचा वार आणि ऑडिओमेट्री चालू आहे का ते विचारा. यंत्र असतं, ऑडिओलॉजिस्ट रजेवर असतो, हे नेहमीचंच. पडद्याची किंवा हाडात पसरलेल्या कानाच्या रोगाची शस्त्रक्रिया सांगितली तर दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा, ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का. टॉन्सिल काढायचा सल्ला मिळाला तर वर्षभरात किती वेळा घसा खरोखर आजारी पडला ते मोजा : एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, हा जगभर वापरला जाणारा ढोबळ निकष. त्याहून खूप कमी असेल आणि झोपेत श्वास अडत नसेल, तर दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही. शस्त्रक्रिया झालीच, तर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान घशातून ताजं रक्त आल्यास रात्र असली तरी रुग्णालयात परत जा. दुसऱ्या मतासाठी तुमची कागदपत्रं लागतील. ती मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार बंधनकारक आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.